काचेवरचा डाग

“काचेवर डाग असेल मॅडम. पुसून घेऊ का?” दुर्बिणीवरचा तंत्रज्ञ फोनवर एवढंच म्हणाला. तेही अगदी सहज, पंखा जरा कमी करू का असं विचारावं तसं. पण ती इतक्या मोठ्यांदा “नको” म्हणाली की पलीकडच्या टेबलांवरच्यांनी माना वर केल्या. मग तिनं आवाज खाली आणून त्याला समजावलं, की पुसू नका, काचेला हातही लावू नका, आज पुन्हा त्याच जागेची चित्रं घ्या. फोन ठेवला तरी तिचा हात फोनवरच राहिला. समोरच्या पडद्यावर आकाशाच्या एका तुकड्याची चार चित्रं एकामागून एक येत-जात होती. दूरच्या डोंगरावरची दुर्बीण रात्री चित्रं काढायची आणि सकाळी ही मंडळी शहरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर बसून, ती धान्यासारखी निवडायची. तारे जागच्या जागी राहतात. जे सरकतं ते आपलं. बहुतेक सगळं यंत्रच ओळखायचं. यंत्राला ज्याची खात्री नसायची ते तिच्याकडे यायचं, आणि आज यंत्राला ज्याची खात्री नव्हती तो तिचाच दगड होता. तिनंच कधीकाळी शोधलेला, कोळशासारखा काळा लघुग्रह, आणि चालीनं जरा वाह्यात. बाकीचे लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात शहाण्यासारखे गोल फिरतात; हा मंगळापाशी येऊन थेट गुरूच्याही पलीकडे निघून जायचा, घरात पाय न ठरणाऱ्या माणसासारखा. आजवर तो नेहमी टाचणीच्या टोकाएवढा स्वच्छ ठिपका दिसला होता. आज त्याच्या कडा विस्कटल्या होत्या. आजूबाजूचे तारे टोकदार, आणि हा तेवढा धुरकट. आणि धुरकटपणा चारही चित्रांत त्याच्याबरोबर पुढे सरकत होता. काचेवरचा डाग काचेबरोबर राहतो. हा दगडाबरोबर चालला होता. म्हणजे दगडातून वाफ निघत होती. म्हणजे हा नुसता दगड नव्हता, मरून पडल्यासारखा राहिलेला धूमकेतू होता. अशी गोष्ट आयुष्यात एकदा हाती लागली तरी माणूस नाचतो. ती मात्र अंग चोरून बसली होती, कारण तिच्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं.

तिथं कोणी नव्हतं हे तिला माहीत होतं. मागे भिंत होती आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. तरी साबणाचा, ओल्या कपड्यांचा वास आला, अगदी नाकाला झोंबेल असा. खालून दाताच्या यंत्राची बारीक किरकिर चालू होती आणि तिला बाबांचा आवाज ऐकू येत होता, आत्ताचा म्हातारा आवाज नव्हे, तेव्हाचा, चार माणसांत खुलणारा. “आमच्या हिची गंमत सांगतो. गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली, सहज डोळा लावला दुर्बिणीला, आणि जेवताना मला काय सांगावं? अहो, तुमच्या त्या काचेवर डाग पडलाय, पुसून ठेवा. डाग! लोक जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसतात, आणि ही फडकं शोधत होती.” घरी कुणीही आलं की ही गोष्ट व्हायचीच. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. फावल्या वेळात स्वतःच्या दुर्बिणीसाठी एक भिंग घासलं, पत्र्याच्या नळीत बसवलं, आणि गच्चीवरच्या त्या दुर्बिणीतून एका संध्याकाळी त्यांना पश्चिमेला धूमकेतू सापडला. धूमकेतूला शोधणाऱ्याचं आडनाव लागतं, आपोआप, अर्ज न करता. त्यामुळे दोन खोल्यांच्या घरातल्या माणसांचं आडनाव एकदम आकाशात गेलं. धूमकेतू जेमतेम तीन आठवडे दिसला, मग विझला आणि पुन्हा कुणाला सापडला नाही. आडनाव तेवढं राहिलं. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, कुणीतरी कागदावरून नजर उचलून विचारायचंच, तुम्ही त्या धूमकेतूवाल्यांच्या का? लग्न झालं तेव्हा तिनं ते आडनाव सोडलं. लग्न मोडलं तेव्हा ते परत आलं. नियमानं परत येणारं घरात तेवढंच, असं ती ऑफिसात स्वतःच म्हणायची, दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी.

आणि त्या गोष्टीत तिचंही काम ठरलेलं होतं. बाबा “फडकं” म्हणाले की नऊ वर्षांच्या भिंगरीनं, तिला घरात भिंगरीच म्हणत, स्वयंपाकघरातून खरोखरीचं फडकं घेऊन धावत यायचं आणि हवेत काच पुसल्यासारखं करायचं. लोकांची हसून पुरेवाट व्हायची. सगळ्यात मोठ्यांदा तीच हसायची. आई चहाचे कप घेऊन दारात उभी असायची, हसू चेहऱ्यावर घालून. सणावाराला काढायच्या कपड्यासारखं ते हसू घडी न मोडता रोज तसंच निघायचं. आई त्या गोष्टीत एक शब्दही बोलायची नाही. कधी कुणी म्हणायचं, वहिनी, तुम्हाला काहीच कसं कळलं नाही हो, तर आई म्हणायची, “चहा निवतोय.”

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेली तेव्हा कपाट आवरताना तिच्या लक्षात आलं की आईचं नाव कशावरच नाही. दारावरच्या पाटीवर नाही, विजेच्या बिलावर नाही, भांड्यांवर नाही. बाबा तिला “अगं” म्हणायचे, शेजारी “धूमकेतूवाल्यांच्या बाई” म्हणायचे, आणि लेकीसाठी ती अर्थातच आई. ते नाव शेवटचं मोठ्यानं कुणी उच्चारलं असेल तर इस्पितळातल्या नर्सनं. आईचं नाव आकाशात लावायचं, हे तेव्हाच तिनं ठरवून टाकलं होतं. लघुग्रहाचं धूमकेतूसारखं नसतं. तो शोधला, त्याची कक्षा पक्की झाली, त्याला क्रमांक मिळाला, की शोधणाऱ्यानं दहा वर्षांच्या आत नाव सुचवायचं असतं आणि एक समिती ते तपासते. स्वतःचं नाव चालत नाही. दुकानाची जाहिरात चालत नाही. कुत्र्यामांजरांची नावं चालत नाहीत. ऑफिसातला कक्षा मोजणारा गणित्या त्यावरून वर्षभर रुसून बसला होता आणि शेवटी कुत्र्याऐवजी त्यानं बालवाडीतल्या बाईंचं नाव दिलं, ते मंजूर झालं. पण आईचं नाव चालतं. तिच्या खात्यावर साधे लघुग्रह ढिगानं होते. तरी तिनं साधा निवडला नाही. आईसाठी तिनं हा वाह्यात दगड राखून ठेवला, त्याच्या मुदतीचं शेवटचं वर्ष लागेपर्यंत, कारण प्रत्येक वेळी अर्ज उघडला की दुसऱ्या ओळीवर ती अडायची. दुसऱ्या ओळीत, ही व्यक्ती कोण, तिनं काय केलं, ते लिहायचं असतं. आईनं काय केलं? शेवटी तिनं लिहिलं, शोधकर्तीची आई, आणि अर्ज पाठवला. समितीचा निर्णय याच महिन्यात यायचा होता. एकदा मंजूर झालं की ते नाव कुणी पुसू शकणार नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, आणि इतकं हवं होतं की ती त्याबद्दल बाबांशीसुद्धा बोलली नव्हती.

दोन दिवसांनी गणित्या तिच्या टेबलाशी आला तो हात चोळतच. नवी चित्रं आली होती, धुरकटपणा कायम होता, आता शंका उरली नव्हती. “तुझा दगड कक्षेवरून मागे मागे, जुन्या वर्षांत चालवत नेला,” तो म्हणाला. “धूमकेतूच आहे म्हटल्यावर म्हटलं, बघू या कुणा हरवलेल्याशी जुळतो का.”

“कुठपर्यंत नेलास?”

“तू फ्रॉक घालत होतीस तिथपर्यंत.” तो खुर्ची ओढून बसला. “अगं, तुमचाच आहे तो. तुझ्या बाबांचा. त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या जागा जुळतात, केसभर इकडेतिकडे. इतकी वर्षं तोंडाला काळं फासून फिरत होता, म्हणून कुणी ओळखला नाही. बापाचं हरवलेलं लेकीला सापडलं! पेढे,” म्हणता म्हणता तो थांबला. “अशी काय बघतेस?”

“माझा अर्ज आहे त्याच्यावर. आईच्या नावाचा.”

गणित्याचा चेहरा पडला. तो मनानं चांगला माणूस होता, पण गणितातलाच. “अरे हो,” तो म्हणाला. “ते आता नाही व्हायचं. एका दगडाला दोन नावं देत नाहीत. धूमकेतूचं आधीचं आहे, तेच राहणार.” मग जरा वेळानं, “आईंना दुसरा दे ना. तुझ्याकडे काय कमी आहेत?” तो उठला. “नोंदणी केंद्राला मी नाही कळवत. तूच कळव. घरचं कार्य आहे. पण फार दिवस थांबू नकोस, हल्ली बाकीचेही मागे चालवून बघतात.”

ती घरी चालत निघाली. एरवी ती बसनं जायची, पण आज गर्दीत उभं राहून कुणाच्या तरी खांद्याचा वास घेत जाणं नको वाटलं. दुकानांच्या काचा एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक काचेत ती आधी स्वतःच्या मागे बघत होती. म्हणजे पुन्हा बाबाच. आईसाठी एक दगड बाजूला काढून ठेवला, तोही आतून बाबांचाच निघाला. तिला राग आला, आणि राग कुणावर करायचा ते कळेना. आकाशावर रागावणं तिच्या वयाला आणि पगाराला शोभत नव्हतं. एका औषधाच्या दुकानात एक बाई शिडीवर चढून आतून काच पुसत होती, गोल गोल, एका डागावर पुन्हा पुन्हा, आणि डाग जात नव्हता, कारण तो बाहेरच्या बाजूनं होता. ती उभी राहून बघत राहिली. आणि तिथं, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, तिला ती घरातली गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली. हसण्याशिवाय ऐकू आली. आई कपडे काढायला गेली. आईनं डोळा लावला. आईला धुरकट काहीतरी दिसलं. आईनं जेवताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा वर गेले. धूमकेतू शोधला कुणी? तिच्या धंद्यात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, ज्यानं आधी पाहिला आणि आधी सांगितला, त्यानं. एवढं आयुष्य त्या धंद्यात काढून तिला हे दिसलं नव्हतं. ते लपवलेलंच नव्हतं. आल्यागेल्यापुढे, चहाबरोबर, ते उघडं ठेवलं होतं, आणि ती स्वतः फडकं नाचवत त्याच्यापुढे उभी होती. शिडीवरच्या बाईनं काचेआडून, काय हवंय, असं खुणेनं विचारलं. ती पुढे चालू लागली.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या डोळ्यांच्या मधोमधची नजर गेली होती, कडेची तेवढी शिल्लक होती. त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर ते त्याच्या खांद्यापलीकडे बघायचे. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासलेला माणूस, आता कोनाकोपऱ्यातून जग बघत होता. तिनं दार उघडलं तसे ते तिच्या डाव्या खांद्यामागे बघून म्हणाले, “आलीस?” तिला मागे वळून बघावंसं वाटलं. तिनं दिवा लावला, चहा टाकला, दोघांनी तो घेतला. सांगायचं तर होतं. धूमकेतू सापडला, एवढं वाक्य. त्या वाक्यासाठी हा म्हातारा इतकी वर्षं जगला होता, प्रत्येक वाढदिवसाला विचारायचा, “काही कळलं का गं त्याचं?” आणि ते वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडेना. सांगितलं की बाबा फोन करतील, दुकानातला जुना मित्र येईल, शेजारी येतील, आणि ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाईल. तिनं कप विसळून ठेवले. रात्रभर स्वयंपाकघरात कुणीतरी कप हळू ठेवतंय असं तिला वाटत राहिलं, आणि ती उठली नाही.

पण डोक्यात किडा शिरला होता. आईला दिसलं ते नक्की काय होतं? तिचा धंदा असं विचारायला शिकवतो. एखादीला काचेवर डाग दिसला आणि तो खरंच डागच असला, तर? दुसऱ्या दिवशीचा धूमकेतू हा योगायोग असला, तर? याचं उत्तर मिळवता येत होतं, हे तिच्या लक्षात आलं. बाबा संध्याकाळी दुकानात परत जाण्याआधी दुर्बीण नेहमी पश्चिमेच्या गिरणीच्या धुराड्यावर लावून, पेच आवळून ठेवत. धुराड्याच्या विटा स्वच्छ दिसल्या की भिंग नीट बसलंय असं समजायचं. ते घर आता नव्हतं आणि गिरणीही नव्हती, पण जुन्या नकाशात दोन्ही होती. आईनं कपडे कधी काढले, तेही ठाऊक होतं: दिवेलागणीला, रोज त्याच वेळी. आणि धूमकेतू त्या क्षणी कुठे होता, हे आता गणित्याच्या कक्षेवरून हवं तितकं बारीक काढता येत होतं. जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे बाहेर गेल्यावर, तिनं ते काढलं. खालचा दवाखाना शांत होता. आकडे आले. तिनं पुन्हा काढले. हात लांब करून मूठ धरली, तर धूमकेतू त्या संध्याकाळी धुराड्याच्या दोन मुठी उजवीकडे होता, आणि बराच वर. दुर्बिणीतून एका वेळी दिसायचं ते आकाश करंगळीच्या नखाएवढं. धुराड्यावर आवळून ठेवलेल्या दुर्बिणीतून तो धूमकेतू दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणजे डागच होता. विनोद खरा होता. तिला आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं, सगळं पुन्हा जागच्या जागी बसल्यासारखं, आणि मग त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिनं पडदा बंद केला. आईला ती काही देऊ शकत नव्हती. नावही नाही आणि पहिली नजरही नाही. खांद्यामागचं माणूस मात्र हललं नाही. नुसतं उभं राहिलं, हातात काहीतरी धरून, बोलावणं होईपर्यंत थांबणारं माणूस उभं राहतं तसं.

त्या संध्याकाळी तिनं बाबांना सांगून टाकलं. सगळं नाही. एवढंच, की धूमकेतू सापडलाय, आणि तो माझाच दगड आहे. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर फिरत राहिली, काचेची कड तपासावी तशी. मग म्हणाले, “जिवंत आहे?”

“थोडी वाफ निघतेय.”

“बरं झालं,” ते म्हणाले. फोन मागितला नाही. तिला वाटलं तसं काहीच झालं नाही, आणि त्यामुळेच असेल, ती बोलून गेली. “बाबा, मी आदल्या दिवशीचं गणित केलं. आईनं पाहिलं त्या दिवशीचं. धुराड्यावरून तो दिसलाच नसता. तिला खरंच काचेवरचा डाग दिसला होता.”

बाबा तिच्या खांद्यापलीकडे बघत होते. “दुर्बीण धुराड्यावर नव्हती,” ते म्हणाले.

“तुम्ही रोज धुराड्यावर लावून जायचात.”

“मी लावून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वर चढलो तेव्हा ती तिथं नव्हती. उजवीकडे, वर. पेच नीट आवळलेला. धक्का लागून हललेली दुर्बीण अशी पेच आवळून उभी राहत नाही, भिंगरे.” ते थांबले. “मी आधी चिडलो. मग म्हटलं बघू तरी, कुठे लावून ठेवलीय. डोळा लावला. थोडी खाली घ्यावी लागली, तो एका दिवसात सरकला होता. बस.”

“म्हणजे ती शोधत होती?”

“रोजच असेल. कपडे काढायला तिला फार वेळ लागायचा. मी त्यावरून बोलायचोसुद्धा.”

“मग डाग का म्हणाली? तिला कळलं नसेल.”

“तिला?” बाबा हसले, पण ते हसणं तिच्या ओळखीचं नव्हतं. “माझ्या काचा शेवटी पुसून तीच द्यायची. काचेवर काय आहे आणि काचेपलीकडे काय आहे, हे तिला माझ्याआधी कळायचं.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “डाग म्हणाली म्हणून मी बघायला गेलो. धूमकेतू दिसला म्हणाली असती, तर जेवता जेवता हसलो असतो. तिला माहीत होतं ते.”

“तुम्हालाही माहीत होतं.”

“हो.”

“आणि तरी ती गोष्ट सांगत राहिलात? लोकांपुढे? तिच्यापुढे?”

“पहिल्यांदा सांगितली तेव्हा वाटलं, ती म्हणेल काहीतरी. ती चहाचं म्हणाली.” त्यांनी खिडकीकडे मान वळवली. “मग सवय झाली. आणि धूमकेतू सापडला त्याच आठवड्यात मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. दुर्बिणीला कुणाचा धक्का लागू नये म्हणून.”

कुलूप तिला आठवलं. पितळी होतं, त्याची किल्ली बाबांच्या खिशात असायची. आणि त्यानंतर कपडे स्वयंपाकघरात दोरीवर वाळायचे, ते आठवलं. कायमची दमट भिंत, मान वाकवून त्या कपड्यांखालून जाणारी आई, आणि दिवेलागणीला तिचं उगाच एकदा जिन्यापर्यंत जाऊन परत येणं. लहानपणी तिला वाटायचं आई पाय मोकळे करायला जाते. तिनं बाबांकडे बघितलं. त्यांना मारावं असं तिला वाटलं, आणि त्यांचा हात धरावा असंही. दोन्हीपैकी काहीच न करता ती म्हणाली, “मी त्या दगडाला आईचं नाव द्यायचा अर्ज केला होता. तो आता रद्द होणार.”

बाबांनी आईचं नाव घेतलं. हाक मारल्यासारखं नाही, नुसतं, एखादा जड शब्द जमतोय का बघावं तसं. त्यांच्या तोंडून ते तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग ते म्हणाले, “कळव त्यांना. आदल्या दिवशी तिनं पाहिला. दुर्बीण कुठे होती ते मी सांगतो, मला अजून आठवतं. गच्चीच्या कठड्याचा तिसरा खांब, त्याच्या वर वीतभर. मी सांगतो आणि तू लिही.”

“इतक्या वर्षांनी कोण मानणार, बाबा?”

“तू लिही तर.”

तिनं लिहिलं. खांब, वीत, वेळ, पेच, सगळं आकाशाच्या भाषेत आणलं, आणि सकाळी ऑफिसात जाऊन कक्षेशी ताडून बघितलं. बाबांच्या आठवणीतली जागा आणि धूमकेतूची त्या संध्याकाळची जागा, करंगळीच्या नखात मावत होती. गणित्यानं ते दोनदा तपासलं आणि तिच्या टेबलावर पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तिनं ओळख पटल्याचं कळवलं, आपला अर्ज मागे घेतला, आणि खाली मागणी लिहिली: पहिलं निरीक्षण एक दिवस आधीचं धरावं, निरीक्षक म्हणून आईचं नाव नोंदवावं, आणि धूमकेतूच्या नावात योग्य तो बदल व्हावा. मग ती वाट बघत राहिली. वाद होईल, पुरावे मागतील, कुणीतरी कुत्सितपणे लिहील, या सगळ्याची तिनं मनात तयारी केली; आंघोळ करताना, जिना चढताना, तिची उत्तरं तयार होत होती.

वाद झाला नाही. केंद्राचं उत्तर महिनाअखेरीस आलं आणि ते फारच सभ्य होतं. तिनं ते संध्याकाळी घरी नेऊन बाबांना वाचून दाखवलं. पुराव्याची छाननी झाली. निवेदन ग्राह्य आहे. पहिल्या निरीक्षणाचा मान बाईंचा आहे आणि तशी दुरुस्ती नोंदवली आहे. दोन्ही निरीक्षकांचं आडनाव एकच असल्यामुळे धूमकेतूच्या नावात कोणताही बदल करण्याची आवश्यकता नाही.

“म्हणजे मानलं त्यांनी,” बाबा म्हणाले.

“मानलं.”

“मग आता काय बदललं?”

तिनं कागद घडी करून मांडीवर ठेवला. “काही नाही,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं, मोठ्यानं नाही, नाक पुसावं लागेल एवढंच. बाबा ऐकत होते. बाहेर कुणाच्या तरी घरात बादली सरकवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “आत्ता कुठे असेल गं ती?” तो नव्हे, ती. तिनं ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही.

“आत्ता?” तिनं मनातल्या मनात हिशेब केला. “आत्ता दिसायची नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. आपल्या बरोबर खाली.” तिनं जमिनीकडे बोट दाखवलं, आणि त्यांना बोट दिसत नाही हे आठवून म्हणाली, “तुमच्या पायाखाली, बाबा.”

बाबांनी खुर्चीचे हात धरले, चपलांतून एकेक पाऊल काढलं, आणि दोन्ही पाय हळूच वर घेऊन बसले.